२००१ आणि २०११ च्या जनगणनांवरून नागपूर जिल्ह्याची मधल्या वर्षांची वय-लिंगनिहाय लोकसंख्या कशी काढावी?

वयोगटांचे आकडे सरळ रेषेने न जोडता ते पिढीनिहाय, आणि स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्रपणे, जोडावेत. दोन्ही जनगणनांची संदर्भतारीख १ मार्च असल्यामुळे २००१ मध्ये २० ते २४ वर्षांच्या असलेल्या स्त्रिया २०११ मध्ये ३० ते ३४ च्या गटात येतात, आणि त्या दोन संख्यांमधील फरकात मृत्यू व निव्वळ स्थलांतर एकत्र मिसळलेले असते. नमुना नोंदणी पद्धतीच्या (जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना सर्वेक्षणाच्या) जीवन सारणीतील, म्हणजे कोणत्या वयाचे किती लोक पुढे जगतात हे दाखवणाऱ्या तक्त्यातील, जगण्याचे प्रमाण लावले की मृत्यूंचा वाटा वेगळा होतो आणि उरलेला फरक निव्वळ स्थलांतराचा मानता येतो. २०११ मधील दहा वर्षांखालील मुले आधीच्या जनगणनेत नसतातच, म्हणून त्यांच्या संख्येला जगण्याच्या प्रमाणाने भागून जन्म मोजावेत. वय सांगताना शून्य आणि पाचवर संपणाऱ्या आकड्यांकडे लोकांचा कल असतो, त्यामुळे एकेका वयाचे आकडे आधी सुधारून घेणे अत्यावश्यक आहे. ही पायरी वगळलेली गणिते मला विश्वासार्ह वाटत नाहीत. मात्र या जीवन सारण्या राज्यपातळीच्या आहेत, आणि शिक्षण-रोजगारासाठी लोक येत राहणाऱ्या नागपुरात स्थलांतर दहा वर्षांत समान विभागणे हे केवळ गृहीतक ठरते. म्हणून एकच आकडा देण्यापेक्षा बेझियन पुनर्रचनेने, म्हणजे उपलब्ध आकडे आणि त्यांतील अनिश्चितता एकत्र धरणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने, संभाव्य मर्यादा द्याव्यात.