गदा, खाकी आणि पदवी

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे, कोल्हापुरात तालमीत राहतो. वजन ७० किलो. ‘महाराष्ट्र केसरीची गदा आणणार’ याशिवाय दुसरं बोलणं नाही. यांना वाटतं त्यानं पोलीस भरतीला उतरावं. मला वाटतं आधी पदवी पुरी करावी. खुराकाचा खर्च झेपेनासा झालाय. नावाच्या हव्यासापायी पोर वाया जाईल का?
– एक आई, वाळवा तालुका

उत्तर : ताई, पहाटे उठून जोर-बैठका मारणारं पोर वाया जात नसतं. मी तालमीतच वाढलो. ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेल्या लाल मातीत जो अंग घुसळतो, त्याला भर मैदानात आपलं नाव पुकारलं जावं असं वाटणारच. वाटायलाच हवं.

पण गदेचं त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्र केसरीची लढत ८६ ते १२५ किलोच्या गटात होते. ७० किलोच्या मल्लाला त्याच्या वजनगटात पदक मिळतं, गदा नाही. गदेपायी अंग फुगवायला गेला तर खुराक वाढेल आणि चपळाई जाईल.

खाशाबा जाधव तुमच्या शेजारचेच, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं ते ५७ किलोच्या गटात. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते. ज्या राजाराम कॉलेजात ते शिकले, तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि खाशाबांनी कुस्त्या घेऊन ते पैसे फेडले. नाव झालं म्हणून ऋण विसरले नाहीत, हे मला पदकाइतकंच मोठं वाटतं. १९५५ला ते पोलिसात फौजदार झाले. तुम्हा तिघांच्या इच्छा एकाच माणसात नांदल्या, ताई. अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना मरणोत्तर मिळाला. याची चीड मला अजून आहे, आणि मुलालाही हे ठाऊक असू द्या.

आता दोघं मिळून वस्तादांना भेटा. याचा खरा वजनगट कोणता आणि त्यात तो कुठवर जाईल, एवढंच विचारा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेव्हा मान्यताप्राप्त स्पर्धेतलं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा. पदवीचा फॉर्म मुक्त विद्यापीठाचा भरा, म्हणजे मेहनतीच्या वेळा मोडणार नाहीत.