वनस्पतींमधल्या कुमारिनमुळे रक्त पातळ होतं का? नैसर्गिक आहे म्हणजे सेफच ना?

तुमच्या प्रश्नातलं ते 'नैसर्गिक आहे म्हणजे सेफच ना' वाचलं आणि राहवलं नाही. नाही, अजिबात नाही. कुमारिन म्हणजे काही झाडांत आपसूक बनणारं एक सुगंधी रसायन, आणि त्याचे भाऊबंदही बरेच आहेत.

माझ्या बहिणीने एकदा भर उन्हात बसून ढीगभर लिंबं पिळली आणि तशाच ओल्या हातांनी उघड्या अंगाच्या पोराला उचलून घेतलं. त्या दिवशी काहीच नाही. दीड-दोन दिवसांनी तिचे हात लालभडक, मग टच्च फोड, मनगटापासून कोपरापर्यंत रस जिथून ओघळला तिथे तश्शीच रेघ, आणि पोराच्या पाठीवर तिच्या बोटांचे ठसे. पहिल्या डॉक्टरांनी तर तिलाच विचारलं, मुलाला कोणी मारलंय का? आईला हे ऐकून काय वाटलं असेल! पुढे स्किनवाल्या डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, लिंबू हाताळलं होतं का आणि ऊन होतं का. लिंबाच्या सालीत कुमारिनचेच भाऊबंद, फ्युरानोकुमारिन असतात, सोरालेन, बर्गाप्टेन वगैरे. ती त्वचेवर असताना उन्हातले यूव्हीए किरण पडले की पेशींच्या डीएनएलाच जाऊन चिकटतात, म्हणून त्वचा भाजल्यासारखी होते. ॲलर्जी नव्हे, कुणालाही होऊ शकतं. काळे डाग जायला कित्येक महिने लागले. भावोजी मात्र अजूनही म्हणतात की भांड्याच्या साबणातल्या केमिकलने झालं, लिंबाने कधी कोणाला काही होतं का. अहो, सोरालेन पण केमिकलच आहे, झाडाने बनवलेलं!

रक्ताचं म्हणाल तर साधं कुमारिन रक्त पातळ करत नाही. स्वीट क्लोव्हरचं गवत सडलं की बुरशी त्यातल्या कुमारिनपासून डायकुमारॉल बनवते, ते करतं. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात असं गवत खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मेली, त्याच धाग्यावरून विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या टीमने डायकुमारॉल शोधलं आणि पुढे वॉरफरिन आलं, आज रक्त पातळ करायला देतात ती गोळी, जे 1948 मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून विकलं गेलं.

दालचिनीचं वेगळं. कॅशिया जातीत कुमारिन भरपूर, सिलोन जातीत अगदी कमी, आणि तिथे भीती लिव्हरची असते. युरोपातली मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6. रोज चमचाभर कॅशिया पावडर घेणाऱ्याने हा हिशोब करावाच, चिमूटभर वापरणाऱ्याला काही होत नाही.

आणि हो, घरात कोणी वॉरफरिनवर असेल तर माझं वाचून गोळी कमीजास्त करू नका, डॉक्टरांनाच विचारा. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन तर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, तेही त्यांनाच विचारा. आणि लिंबं पिळायची तर सावलीत, मग हात साबणाने स्वच्छ धुवा, त्याच भांड्याच्या साबणाने धुतले तरी चालेल.