फ्रेंच कोरीवकार क्लोद मेलाँच्या छापचित्रातला येशूचा चेहरा खरंच एकाच रेषेने काढला आहे का?

हो, खरंच. नाकाच्या शेंड्यावर एक बारीकसा वळसा सुरू होतो आणि तोच गोल गोल फिरत कागदभर पसरतो. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, कपाळावरून ओघळणारं रक्त, सगळं त्याच एका रेषेतून उमटलंय. आडव्याउभ्या रेषा एकमेकींवर टाकून छटा काढायची नेहमीची पद्धत इथे नाही.

मग सावली येते कुठून? रेषेच्या जाडीतून. तांब्याच्या पत्र्यावर कोरणी दाबून चालवली की खाच खोल आणि रुंद होते, तिच्यात शाई जास्त बसते आणि छापताना तिथे काळं उमटतं. हात हलका ठेवला की रेषा केसासारखी. इंटरनेटवर मोठी प्रतिमा मिळाली तर पापणीपाशी झूम करून बघा: रेषा फुगते आणि लगेच पुन्हा बारीक होते. इतका वेळ हाताचा दाब सांभाळणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. मला तर दर वेळी भरून येतं.

चित्र १६४९ सालचं, फ्रान्समधलं. क्रुसाकडे जाणाऱ्या येशूचा चेहरा व्हेरोनिका नावाच्या स्त्रीने पुसला आणि त्या कापडावर तो उमटला, अशी श्रद्धा आहे. चित्रात दाखवलंय ते तेच कापड. खाली लॅटिन ओळ आहे, ‘फॉर्मातुर युनिकुस ऊना’, म्हणजे ‘एकमेव तो, एकीनेच घडला’. ‘एकमेव’ म्हणजे देवाचा पुत्र आणि ‘एकी’ म्हणजे ती रेषा.