सहा जणांच्या ऑफिसला गुगल घ्यावं, झोहो की मायक्रोसॉफ्ट?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या ठिकाणी सहा माणसांचं ऑफिस आहे, नेट जात-येत असतं, तर नव्या क्लाउड (म्हणजे नेटवरून चालणाऱ्या) सॉफ्टवेअरपैकी कोणतं घ्यावं. आणि शेवटी सहज एक ओळ टाकलीय, "खर्च वाचवायला सगळ्यांनी एकच लॉगिन वापरलं तर चालेल का?" पहिला प्रश्न थोडा बाजूला ठेवू. दुसऱ्याचं उत्तर आहे, अजिबात नाही. मी हे पगार कापून घेऊन शिकलोय.

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब बघतो. सोयाबीन घ्यायचं, ओलावा-माती पाहून काटा करायचा, माल प्लांटला लावायचा, शेतकऱ्याचे पैसे त्याच्या खात्यात टाकायचे. पूर्वी सगळं रजिस्टरवर आणि एका कॉम्प्युटरच्या एक्सेलमध्ये. मग एका दिवाळीला अध्यक्षांचा पुतण्या पुण्याहून आला. आयटीत आहे. दोन तासांत सगळं गुगल शीटवर चढवून मोकळा. काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. गोदामावर काटा झाला की तिथला पोरगा मोबाइलवरून वजन टाकायचा आणि मला ऑफिसात त्याच घडीला दिसायचं. दिवसातून वीसदा फोन करून "किती कट्टे झाले बे?" विचारणं बंद झालं.

पण आयडी काढला एकच, कंपनीच्या नावाचा. मी, काट्यावरचा पोरगा, अध्यक्ष आणि पुतणेसाहेब, चौघंही त्याच आयडीवर. मी तेव्हाच म्हटलं होतं, चौघांचे चार वेगळे काढा. तर हसला. "काका, चार माणसांना चार आयडी कशाला?" (पुण्यात राहून पोरगं 'कायले' म्हणायचं विसरलं.) ओटीपी जाणार त्याच्याच फोनवर. म्हणजे ऑफिसातला कॉम्प्युटर फॉरमॅट केला की आम्ही पुण्याला फोन लावायचा, तो मीटिंगमध्ये असायचा, आणि दारात शेतकरी उभे. कुलूप घाटंजीत, चावी हिंजवडीत.

नोव्हेंबरात 64 शेतकऱ्यांच्या पेमेंटची यादी तयार केली. संध्याकाळी पट्ट्यांशी, म्हणजे मालाच्या पावत्यांशी, एकेक रक्कम जुळवली, शटर ओढलं, घरी गेलो. सकाळी एकूण बेरीज पाहिली, रुपयाचाही फरक नाही. यादी बँकेत दिली.

दुसऱ्या दिवशी यादीतला पहिला माणूसच दारात आला. तीन क्विंटलवाला. त्याला बारा हजारांच्या आसपास मिळायला हवे होते, पासबुकावर आले 1,71,000. टोपी हातात घेऊन म्हणतो, "भाऊ, माह्या खात्यात हे कोनाचे पैसे आले? माहे त तीनच क्विंटल होते." त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. कारण त्याच्या मागोमाग जे आले ते सगळे कमी पैसे मिळालेले. जास्त मिळालेल्यांपैकी काही तर पंधरा दिवस रस्त्यानं दिसले नाहीत. एकाचे कर्जात वळते झाले, ते सोडवता सोडवता उन्हाळा लागला.

झालं होतं असं. रात्री कोणीतरी सर्वात मोठी रक्कम कोणाची ते पाहायला फक्त रकमेचा कॉलम निवडला आणि सॉर्ट केला, म्हणजे मोठ्या ते लहान असा लावला. एक्सेलमध्ये असं केलं की तो निदान विचारतो, शेजारचे कॉलमही सोबत घेऊ का? गुगल शीटमध्ये 'सॉर्ट रेंज' दिलं की निवडलेलं तेवढंच हलतं, बाकी जागच्या जागी. नावं तीच, खाते क्रमांक तेच, रकमा मात्र एकमेकांच्या. आणि बेरीज कशी बदलणार? आकडे तेच ना. बँकेनं तरी काय पकडावं?

शीटमध्ये व्हर्जन हिस्ट्री असते. फाइलमध्ये जाऊन उघडली की कोणी, कधी, काय बदललं ते रंगासकट दिसतं. संध्याकाळची प्रत वेगळी काढली, खऱ्या रकमा दोन मिनिटांत सापडल्या. ही सोय रजिस्टरमध्ये नाही, हे मान्य. वेळही सापडली, रात्री 9 वाजून 52 मिनिटं. आणि 'कोणी'च्या जागी? कंपनीचं नाव. चौघांचंही तेच नाव!

बैठकीत ठरलं, हिशेब यांच्याकडे म्हणजे चूक यांची. मी त्या रात्री सप्ताहात होतो, हातात टाळ, अर्धं गाव समोर बसलेलं. आमच्याकडे सप्ताहात टाळकऱ्यानं मध्येच उठून मोबाइल काढला तर लोक वर्षभर बोलतात. पण साक्ष कोण घेतो? पुतणेसाहेब फोनच्या स्पीकरवरून म्हणाले, "ह्यूमन एरर आहे, काका." ह्यूमन कोण, तेवढं सांगितलं नाही. सहा महिने दीड-दीड हजार कापले माझे.

आता तुमचं. गुगल की झोहो की मायक्रोसॉफ्ट, यानं सहा जणांच्या ऑफिसला फार फरक पडत नाही. झोहो देशी आहे, तमिळनाडूत तेनकाशीसारख्या गावाकडच्या भागातून त्यांचं काम चालतं, हिशेबाचं सॉफ्टवेअरही आहे. गुगलचं सगळ्यांच्या हाताला वळण आहे आणि दर खात्याला 15 जीबीपर्यंत जागा फुकट. भाडं सगळीकडे माणशी महिन्याला असतं, म्हणूनच लोकांना एका लॉगिनची अक्कल सुचते. भाडं परवडत नसेल तर सहा फुकटचे जीमेल काढा आणि फाइल शेअर करा. रकमेच्या कॉलमला प्रोटेक्शन, म्हणजे कुलूप, लावा, एकट्या हिशेबवाल्याला उघडं ठेवा. एकाच आयडीवर सगळे असले की या कुलपालाही अर्थ राहत नाही, सगळेच मालक. फाइल मात्र जो ऑफिस सोडून जाणार नाही त्याच्या खात्यात ठेवा. विकतच्या प्लॅनमध्ये माणूस गेला तरी ॲडमिनला त्याच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर करता येतात, भाड्याचा खरा उपयोग तो.

नेटचं म्हणाल तर क्रोममध्ये ऑफलाइन (नेट नसतानाही फाइल उघडायची सोय) चालू करून ठेवा, आणि नेट असतानाच करा. गेल्यावर आठवून उपयोग नाही. स्लॅक, नोशन, ट्रेलो वगैरे ऑफिसातल्या गप्पांच्या आणि कामं वाटायच्या ॲपच्या नादी लागू नका. सहा जण एका खोलीत बसता, हाक मारा.

एक कबुली द्यायची राहिली. रकमा मी पट्टीवरून हातानं टाकल्या होत्या. वजन गुणिले भाव वजा हमाली असं सूत्र लावलं असतं तर नुसता तो कॉलम सॉर्ट करूनही प्रत्येकापुढे त्याचीच रक्कम राहिली असती. आणि बँकेत नेलेल्या कागदावर 64 रकमा वरून खाली मोठ्या ते लहान, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लागल्या होत्या. मी खालची बेरीज पाहिली आणि सही केली. पण म्हणून 9 वाजून 52 मिनिटांनी बोट माझं होत नाही.

यंदा चौघांचे चार आयडी आहेत. अध्यक्ष आपला पासवर्ड विसरतात आणि दर आठवड्याला माझा मागतात. मी देत नाही. पुण्याला फोन लावा म्हणतो.