शत्रूच्या हाती लागलेला वैमानिक कैदेत तग कसा धरतो?

तुम्ही विचारलंय की विमान पडून शत्रूच्या हाती लागलेला वैमानिक महिनोन्‌महिने कैदेत टिकतो कसा, आणि पळताना सापडला तर त्याला गोळी घालतात का. मी वायुदलात इंजिन फिटर होतो, म्हणजे सगळी नोकरी जमिनीवर. कैदेचा स्वानुभव शून्य. पण १९७१च्या युद्धात आपले बारा वैमानिक रावळपिंडीच्या कैदेत होते. त्यांच्या हकिगती आमच्या हँगरमध्ये चहाबरोबर चालायच्या आणि आता त्या जगजाहीर आहेत. त्यावरूनच सांगतो.

सगळ्यात धोक्याचा असतो तो पॅराशूट जमिनीला टेकल्यानंतरचा पहिला तास. ज्या भागावर आत्ता बाँब टाकले, तिथलेच लोक काठ्या घेऊन धावत येतात. अशा वेळी गणवेशातला सैनिक, मग तो शत्रूचा का असेना, वेळेत पोचला तर नशीब समजायचं. जवाहरलाल भार्गव सिंधच्या वाळवंटात उतरले आणि ‘मी पाकिस्तानी वैमानिक मन्सूर अली’ म्हणून त्यांनी बराच वेळ निभावलंही. शेवटी कोणीतरी कलमा म्हणून दाखवायला सांगितलं आणि सोंग उघडं पडलं.

मग चौकशी. १९४९च्या जिनिव्हा कराराप्रमाणे कैद्यानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सर्व्हिस नंबर एवढंच सांगायचं. पण करार कागदावर असतो. आदित्य विक्रम पेठिया यांचे इतके हाल झाले की क्षयानं खंगून ते बाकीच्यांच्या आधीच, मे १९७२ मध्ये, परत आले.

या टप्प्यावर एक गोष्ट जिवापेक्षा मोलाची ठरते. आपलं नाव रेडक्रॉसच्या यादीत चढणं. नाव नोंदलं गेलं की कैद्याचा हिशेब कोणालातरी द्यावा लागतो. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं विमान ५ डिसेंबरला पडलं. पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्याशी मिळतंजुळतं नाव तिकडच्या एका वृत्तपत्रात छापूनही आलं होतं. पण कैद्यांच्या अधिकृत यादीत ते कधीच आलं नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, त्यांनी पुढची कित्येक दशकं सरकारदरबारी खेटे घातले. आजही तांबे ‘बेपत्ता’च.

रावळपिंडीच्या बाराजणांना आधी एकेकटं कोंडलं होतं. नाताळच्या दिवशी छावणीचा प्रमुख उस्मान हमीद यानं केक आणून सगळ्यांना प्रथमच एकत्र बसवलं. हा माणूस भला होता, हे आपले लोकही मोकळेपणी सांगतात. विंग कमांडर कोएल्हो सगळ्यांत ज्येष्ठ, त्यामुळे त्यांचा शब्द अखेरचा. कैदेतही हुद्द्याची उतरंड पाळली की भांडणं कमी होतात आणि पहारेकऱ्यांशी एकच माणूस बोलतो.

पण माणूस खचतो तो रिकामपणानं. युद्ध १६ डिसेंबरला पूर्वेला आणि १७ ला पश्चिमेला थांबलं, तरी सुटकेची तारीख कोणी सांगेना. इथे दिलीप परुळकर यांचा स्वभाव कामी आला. आपण पाडले गेलो तर पळून येणार, असं ते युद्धाच्या आधीच आपल्या वरिष्ठाला सांगून बसले होते! माझ्या मते त्या बेतानं पळणाऱ्यांइतकंच मागे राहणाऱ्यांनाही सांभाळलं. प्रत्येकाला करायला काहीतरी मिळालं: भिंत पोखरायची, माती खोक्यांत लपवायची, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचं. करारानुसार अधिकाऱ्यांना खर्चायला मिळणाऱ्या पैशांतले थोडे बाजूला पडू लागले. पाण्याची सोय मला फिटर म्हणून फार आवडते. वेगानं वळताना रक्त पायांत उतरू नये म्हणून वैमानिकाच्या जी-सूटमध्ये हवेनं फुगणाऱ्या पिशव्या असतात, त्याच कापून त्यांनी पखाली केल्या. रबर चांगलं, गळती नाही.

१९७२च्या १२ आणि १३ ऑगस्टच्या मधल्या रात्री वादळ सुटलं. परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भोकातून बाहेर पडले आणि रात्रीचा सिनेमा सुटलेल्या गर्दीत मिसळले. बसनं पेशावर, पुढे जमरूद, मग खैबर खिंडीतून लंडी कोतल. अफगाण सरहद्द आता हाकेवर. तिथे त्यांनी विचारलं, लंडीखानाला कसं जायचं? जुन्या माहितीत तिथे रेल्वे स्टेशन होतं खरं, पण ते १९३२ मध्येच बंद पडलेलं! तहसीलदाराच्या कारकुनाला संशय आला. त्या काळात बंगाली लोक त्या वाटेनं अफगाणिस्तानात निसटायचे, त्यातलेच हे असावेत असं त्याला वाटलं. आता खरं सांगावं तर टोळीवाल्यांच्या मुलखात काय होईल याचा भरवसा नाही. तेव्हा परुळकरांनी उस्मान हमीदला फोन लावायचा आग्रह धरला. तो तोवर पाकिस्तानी वायुदलप्रमुखांचा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी, झाला होता. त्याच्या शब्दामुळे तिघे वाचले.

आता गोळीबद्दल. पळताना पहारेकरी गोळी घालू शकतो, पण तो शेवटचा उपाय आणि आधी इशारा द्यावा लागतो. पकडला गेल्यावर मात्र पळण्याबद्दल फक्त शिस्तभंगाची शिक्षा, जास्तीत जास्त ३० दिवस. साधे कपडे घातले, खोटे कागद वापरले, तरी तेवढंच, कोणाच्या जिवाला अपाय केलेला नसला म्हणजे झालं. या तिघांनाही कोठडी मिळाली. नंतर सगळ्यांना लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, छावणीत हलवलं. तिथे आपल्या लष्कराचे कैदी होते. १ डिसेंबर १९७२ला सगळे वाघ्याच्या फाटकातून परत आले.