दुसरं पान कुठे आहे?

सांगलीच्या एका विद्यार्थ्याने जर्मनीहून विचारलंय: "मागच्या ऑक्टोबरात एम.एस.ला आलो. व्हिसाच्या वेळी एजंटने महिना ३३ युरोची पॉलिसी काढून दिली होती. विद्यापीठाने विम्याचं सर्टिफिकेट मागितलं तेव्हा त्यानेच एक फॉर्म पाठवला, तो सही करून पब्लिक इन्शुरन्सवाल्यांना दिला. नोव्हेंबरात त्यांचं पत्र आलं. मोबाइलवर भाषांतर केलं तर 'तुम्हाला मुक्त करण्यात येत आहे' असं होतं, म्हणून ठेवून दिलं. मार्चमध्ये मूतखडा झाला, ४,१०० युरोचं बिल. कंपनी म्हणते दुखणं जुनं आहे. आता पब्लिकमध्ये जायचंय तर ते घेत नाहीत. मॅडम, काय करू? पत्राचा फोटो जोडलाय."

अशी पत्रं मला सतत येतात. कुणाचा मूतखडा, कुणाची अक्कलदाढ, कुणाची नैराश्याची औषधं. फॉर्म मात्र सगळ्यांचा एकच. सरकारी पत्रात 'मुक्त' असा शब्द दिसला की निदान कशापासून, एवढं तरी विचारायचं होतं. शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलाला ते पत्र दाखवलं असतं तरी त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

तीस वर्षांच्या आतला विद्यार्थी विद्यापीठात नाव नोंदवतो तेव्हा तो कायद्यानेच सरकारी विम्यात येतो. तिथून बाहेर पडायचं तर मुद्दाम अर्ज करावा लागतो, तोही तीन महिन्यांत. त्याचं नाव बेफ्रायुंग, म्हणजे सक्तीतून सूट. तुमच्या पत्रातलं 'मुक्त' ते हेच. हे जर्मन सामाजिक संहितेच्या पाचव्या पुस्तकातलं कलम ८. त्याच्या पोटकलम २ मध्ये एक छोटं वाक्य आहे: ही सूट मागे घेता येत नाही. एजंटने तुम्हाला बाकी सगळं सांगितलं, हे वाक्य तेवढं सांगितलं नाही. महिन्याला शंभरएक युरो वाचतात हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. विद्यार्थ्याचा सरकारी हप्ता दीडशेच्या आतबाहेर असतो, तुमचा ३३.

आता मुद्द्याचं. तुम्ही पत्राच्या पहिल्याच पानाचा फोटो पाठवलाय. त्यावर तुमचं नाव आहे, विमा क्रमांक आहे आणि 'मुक्त' आहे. मला हवंय ते दुसरं पान, आणि त्यावरचा अगदी खालचा परिच्छेद. तिथे 'रेख्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग' असं मथळ्यात लिहिलेलं असतं. या निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायची असेल तर एका महिन्यात, अमुक पत्त्यावर, लेखी घ्या, अशी ती सूचना असते. ती असेल तर तुमचा महिना डिसेंबरातच संपला. ती नसेल, किंवा चुकीची असेल, तर मुदत एक वर्षाची होते. म्हणजे येत्या नोव्हेंबरापर्यंत तुम्ही हरकत घेऊ शकता. तुमचं सगळं प्रकरण या एका परिच्छेदावर उभं आहे आणि तो तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे.

सूचना नसेल तर त्याच दिवशी 'विडरश्प्रुख' म्हणजे हरकत दाखल करा. दोन ओळी पुरतात: अमुक तारखेच्या निर्णयाला माझी हरकत आहे, कारणं नंतर देतो. रजिस्टर्ड पाठवा किंवा कासेच्या, म्हणजे त्या सरकारी विमासंस्थेच्या, कार्यालयात जाऊन पोच घ्या. फोनवर बोललो, मेल टाकला, याला हरकत म्हणत नाहीत. कारणांत काय लिहायचं ते मग बघू. निर्णय पक्का व्हायच्या आत मूळ अर्जच मागे घेता येतो का, यावर मतं सारखी नाहीत. मी तो मुद्दा घेईन, पण चालेलच असं आज म्हणणार नाही. दुसरा मुद्दा असा की सूट लागू व्हायला तुमच्याकडे दुसरं विमासंरक्षण आहे याचा पुरावा लागतो. ३३ युरोच्या प्रवासी पॉलिसीला तसं संरक्षण म्हणायचं का, हे वादाचं आहे. पॉलिसीचा पूर्ण मजकूर पाठवा, नुसतं कार्ड नको.

सूचना असेल तर उरतं ते फेरतपासणीचं कलम, त्याच संहितेच्या दहाव्या पुस्तकातलं ४४. निर्णय मुळातच चुकीचा होता हे तिथे दाखवावं लागतं. मला नंतर पश्चात्ताप झाला, एवढं पुरत नाही. उदाहरणार्थ, अर्ज तीन महिन्यांनंतर दिलेला असूनही कासेने सूट दिली असेल तर. तुमच्या पत्रावरून अर्ज ऑक्टोबरातलाच दिसतो, म्हणजे हे दार बहुधा बंदच. कासेने स्वतः चुकीचा सल्ला दिला असता तर काही बोलता आलं असतं. एजंटने दिलेला सल्ला कासेच्या माथी मारता येत नाही.

सामाजिक न्यायालयात विमेदाराला कोर्ट फी नसते, हे ऐकून बरेच जण हुरळतात. फी नसते, पण वर्ष-सव्वावर्ष सहज जातं, आणि तोवर तुमचं एम.एस. संपलेलं असेल. तातडीचा आदेश मागता येतो. पण हॉस्पिटल होऊन गेल्यावर घाई कसली, हे न्यायाधीश विचारणारच.

आता ग्रुपवर फिरणाऱ्या युक्त्या. विद्यापीठातून नाव काढून पुन्हा दाखल व्हायचं ही त्यातली सगळ्यात वाईट. खंड न पडता पुन्हा शिक्षण सुरू केलं तर जुनी सूट चालूच राहते असं कासा धरतात, आणि मधल्या काळात तुमच्या विद्यार्थी-परवान्याखालची जमीन जाते. नोकरी करणारी बायको सरकारी विम्यात असेल तर तिच्यामागे फुकट घेतील, हेही नाही. सूट घेतलेल्याला कुटुंबविम्यात जागा नसते. आठवड्याला वीस तास वर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून काम केलं तरी नाही, कारण त्या कामाला आरोग्यविम्याची सक्तीच लागत नाही. आणि आपला मेडिक्लेम इथे मुळीच चालत नाही. फ्रान्सची मुलगी तिकडचं आरोग्यविम्याचं कार्ड दाखवून सुटते. भारत-जर्मनीतला करार पेन्शनपुरता आहे.

एक वाट मात्र तपासण्यासारखी आहे. सूट आहे ती विद्यार्थी म्हणून असलेल्या सक्तीपासून, नोकरदार म्हणून येणाऱ्या सक्तीपासून नव्हे. विद्यापीठाची रीतसर रजा असलेल्या सत्रात वर्कश्टुडेंटची सवलत सहसा लागत नाही. त्या सत्रात मिनीजॉबच्या (म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकरीच्या) मर्यादेपेक्षा जास्त पगार देणारी ऐच्छिक इंटर्नशिप मिळाली, तर तुम्ही नोकरदार म्हणून सरकारी विम्यात येऊ शकता. ती संपल्यावर सदस्यत्व ऐच्छिक म्हणून पुढे चालू राहायला हवं. हप्ता अर्थात विद्यार्थ्याच्या दराने नसेल. कासा त्याकडे कसं बघेल हे तिच्याकडून आधी लेखी घ्या. वर्षाला १४० पूर्ण दिवसांची कामाची मर्यादा रजेतही लागू असते, तेव्हा परदेशी नागरिक कार्यालयालाही विचारा. हे न विचारता रजा टाकलीत तर पुढचं पत्र मला पाठवू नका.

शिक्षणानंतर नियमित नोकरी लागली आणि पगार वार्षिक मर्यादेच्या आत असला, तर तुम्ही आपोआप आत येता. अडकतात ते मधल्या नोकरी शोधायच्या अठरा महिन्यांत. तेव्हा सक्ती नसते, आणि मागचा सरकारी विमा नसल्यामुळे ऐच्छिक प्रवेशही मिळत नाही. खाजगी कंपनीचा मूलभूत दर विचारलात तर आकडा हजार युरोच्या घरात जातो.

बिलाचं वेगळं आहे. तो तुमचा आणि कंपनीचा करार. आधी कधी खडा नव्हता याची सांगलीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मागवा, सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट असेल तर तोही. हॉस्पिटलकडे हप्ते मागा, ते बहुतेक देतात. खर्चाची अडचण असेल तर स्थानिक न्यायालयातून सल्लासाहाय्याचा दाखला मिळतो. तो घेऊन वकिलाकडे गेलात की फक्त १५ युरो द्यावे लागतात. विद्यार्थी संघटनेचा फुकट सल्लाही असतो, जाऊन या.

ज्यांचे तीन महिने अजून संपायचेत, त्यांनी एजंटने पाठवलेला फॉर्म बाजूला ठेवावा. अर्जच केला नाही तर तुम्ही आतच असता, विद्यापीठाला कासा स्वतः कळवते.

तुम्ही आज ते दुसरं पान काढा. सरळ ठेवून, अंगठा मध्ये न आणता फोटो काढा, आणि पाकीट टाकलं नसेल तर त्यावरच्या टपालाच्या शिक्क्याचाही.