सर्टिफिकेट हातात आहे, तरी बोट आपली नाही?

प्रश्न : गेल्या वर्षी साउदॅम्प्टनजवळ हॅम्बल नदीवर आम्ही एका खासगी मालकाकडून 31 फुटी जुनी यॉट 24,000 पौंडांना घेतली. मुलांना घेऊन आइल ऑफ वाइटला चार-पाच फेऱ्याही झाल्या. आता एका फायनान्स कंपनीचं पत्र आलंय : यॉट हायर पर्चेसवर (हप्त्यांच्या करारावर) होती, 7,000 पौंड थकलेत, बोट परत करा. आमच्याकडे विक्रीखत आणि स्मॉल शिप्स रजिस्टरचं (छोट्या बोटींच्या ब्रिटिश नोंदणीचं) सर्टिफिकेट आहे. बोट जाईल का?

उत्तर : जाऊ शकते. तुम्हाला खोटा धीर देणार नाही.

आधी सर्टिफिकेटबद्दल. गावाकडे सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली झाली असं लोक धरून चालतात, तसंच इथे होतं. स्मॉल शिप्स रजिस्टर मालकी सिद्ध करत नाही, कर्जाचा बोजाही दाखवत नाही. मालकी आणि गहाण नोंदवलं जातं ते ब्रिटिश जहाज नोंदणीच्या पहिल्या भागात, आणि तिथे नोंद करणं सक्तीचं नाही.

हायर पर्चेसमध्ये शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक कंपनीच असते. जे विकणाऱ्याचं नव्हतं, ते तुम्हाला मिळालं नाही. मोटार असती तर 1964च्या हायर पर्चेस कायद्याने प्रामाणिक खासगी खरेदीदाराला वाचवलं असतं. ते संरक्षण रस्त्यावरच्या वाहनांपुरतं आहे, बोटींना नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा असा आहे.

तुमची खरी ताकद विकणाऱ्याविरुद्ध आहे. सेल ऑफ गुड्स ॲक्ट 1979चं (मालविक्रीच्या कायद्याचं) कलम 12 खासगी विक्रीलाही लागू होतं : विकण्याचा हक्क असलाच पाहिजे. 1923च्या रोलंड विरुद्ध डिव्हॉल खटल्यात चोरीची गाडी काही महिने वापरूनही खरेदीदाराला पूर्ण किंमत परत मिळाली होती. त्यामुळे तुमच्या त्या फेऱ्यांचे पैसे कापून घेता येणार नाहीत.

पण रागाच्या भरात आज पैसे परत मागू नका. आधी घरात बसून ठरवा, बोट हवी की पैसे? तुम्ही व्यवहार नाकारण्याआधी फायनान्स कंपनीचं सगळं देणं फिटलं, तर मालकी विकणाऱ्यामार्फत तुमच्यापर्यंत पोचते आणि पूर्ण किंमत परत मागण्याची वाट बंद होते. नाकारलंत, तर बोट सोडावी लागेल. विकणारा सापडतोय, त्याच्याकडे पैसे आहेत, तर दोन्ही वाटा खुल्या आहेत. तो गायब असेल तर मी तुमच्या जागी कंपनीशी 7,000वर तडजोड करेन, मालकी सोडल्याचं लेखी घेईन आणि तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल करायला बघेन.

तोवर बोट विकू नका, देशाबाहेर नेऊ नका. विमा कंपनीला पत्राची प्रत द्या. फायनान्स कंपनीकडून मूळ करार आणि हप्त्यांचा हिशेब मागवा. नुसत्या पत्रावर विश्वास ठेवू नका. करारातला हल क्रमांक (बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक) तुमच्या बोटीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते या शनिवारीच जाऊन बघा.